डिझेल इंजिनांचा वारसा

१८५५ सालचे ‘फेअरी क्वीन’ हे वाफेचे इंजिन १९९७मध्ये पुन्हा रुळांवर धावले. वाफेच्या इंजिनांच्या वाट्याला आलेले हे भाग्य डिझेल इंजिनांना क्वचितच लाभते. त्यांचा शेवटचा प्रवास बहुधा भंगाराच्या लिलावापर्यंतच असतो.

वास्तविक, स्वतंत्र भारताच्या औद्योगिक स्वावलंबनाची ती साक्षीदार आहेत. १९६२मध्ये अमेरिकेच्या ‘अल्को’ कंपनीकडून २६०० अश्वशक्तीची ‘डब्ल्यूडीएम-२’ इंजिने आपल्याकडे आली. लागलीच ती येथेच घडविण्याचे काम हाती घेतले गेले. वाराणसीच्या कारखान्यातील पहिले इंजिन लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते ३ जानेवारी १९६४ रोजी राष्ट्रार्पण झाले. पुढे १९६९मध्ये मूळ कंपनीने इंजिने बांधणे थांबविले. वाराणसीत मात्र ती पुढील कित्येक दशके घडत राहिली. शिष्याने गुरूची विद्या गुरूच्या पश्चात जिवंत ठेवली!

आज रुंदमापी मार्गांचे विद्युतीकरण जवळजवळ पूर्ण झाले आहे. ते योग्यच आहे. इंधन आयातीचा भार त्याने हलका होतो. परंतु नव्याचे स्वागत करताना जुन्याची नोंद पुसण्याचे कारण नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात अशी काही इंजिने आहेत. तथापि, रंगविलेला सांगाडा म्हणजे जतन नव्हे. प्रत्येक विभागाने निदान एक इंजिन चालते ठेवावे आणि केवळ आवाजावरून दोष ओळखणाऱ्या जुन्या फिटरांचे ज्ञान लिहून घ्यावे. लोखंड पुन्हा ओतता येते. निवृत्त झालेले हात परत मिळत नाहीत.