काटा मध्यावर आहे म्हणून

जुन्या माझदा एमएक्स-५ ला टर्बो बसवायचा झाला तर रेडिएटरला हात लावायची गरज नाही, असं छातीठोकपणे सांगणारा एक पक्ष आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: इंजिनाचं तापमान थर्मोस्टॅट ठरवतो, रेडिएटर नव्हे. कंपनीने मूळ रेडिएटरमध्ये भरपूर वाव ठेवलेला असतो. रस्त्यावर पूर्ण थ्रॉटल दिला जातो तो चार-पाच सेकंद, तेवढ्यात पाणी तापणार किती? मोठा ॲल्युमिनियमचा रेडिएटर म्हणजे विक्रेत्यांनी घातलेली भीती. आणि शेवटी हुकमाचं पान: टर्बो लावून इतके दिवस झाले, काटा मध्यावरून हललेला नाही.

यातलं शेवटचं पान सर्वांत जास्त वेळा टाकलं जातं आणि सर्वांत जास्त इंजिनं त्यानेच खाल्ली आहेत. म्हणून आधी त्याचाच समाचार घ्यायला हवा.

डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा हे मोजमापाचं साधन आहे, असं मानणं हीच मुळातली चूक. गेल्या तीन-चार दशकांतल्या अनेक गाड्यांमध्ये हा काटा मुद्दाम मंद केलेला असतो. पाणी ८० अंशांवर असो वा १०० च्या आसपास, तो मध्यावरच उभा राहतो. कारण व्यावहारिक आहे: घाटात काटा जरा वर सरकला की मालक घाबरतात आणि गाडी घेऊन वर्कशॉपच्या दारात येतात. त्यांना शांत ठेवण्यासाठी काटाच शांत केला गेला. एमएक्स-५ मध्ये ऑइल प्रेशरच्या काट्याचंही तेच झालं. सुरुवातीच्या गाड्यांत तो खरा दाब दाखवायचा. १९९५ च्या मॉडेलपासून तो दाब आहे की नाही एवढंच सांगणारा झाला. अशा उपकरणांच्या भरवशावर दीडपटीहून जास्त ताकद काढणाऱ्या माणसाने निर्धास्त राहणं धोक्याचं आहे.

त्याहून वाईट गोष्ट पुढे आहे. तापमानाचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं सांगतो. होज फुटला, पाणी रस्त्यावर सांडलं, की सेन्सरभोवती उरते हवा आणि वाफ, आणि काटा चक्क खाली येऊ शकतो. म्हणजे ॲल्युमिनियमचं हेड वाकडं होत असताना चालकाला गाडी थंड असल्याचा निरोप मिळतो. हेड वाकलं की हेड गॅस्केट जातं, आणि मग रेडिएटरचे वाचवलेले पैसे इंजिन खोलण्यात जातात.

तिसरा मुद्दा या इंजिनापुरताच आहे, पण फार मोलाचा. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या ऑटो शोमध्ये एमएक्स-५ आली तेव्हा तिच्यात १.६ लिटरचं बी-६ इंजिन होतं. या घराण्याची इंजिनं माझदाच्या ३२३ मध्ये आडवी बसत. तिथे पंप एका टोकाला आणि गरम पाण्याची वाट दुसऱ्या टोकाला, त्यामुळे पाणी सगळ्या सिलिंडरांवरून जायचं. एमएक्स-५ मध्ये इंजिन उभं बसवलं आणि मागचं टोक फायरवॉलला भिडलं. पाण्याची वाट पुढे, पंपाच्या बाजूलाच आणावी लागली. परिणाम असा की बरंचसं पाणी पुढच्या पुढेच वळतं आणि मागच्या चौथ्या सिलिंडरच्या वाट्याला मुख्यतः हीटरकडे जाणारी बारीक धार येते. अमेरिकेत विकल्या गेलेल्या मूळ गाडीच्या ११६ हॉर्सपॉवरला हे चालून जातं. बूस्ट वाढवला की एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीभोवतीचा धातू आधी तापतो. निम्मं पाणी आणि निम्मं कूलंट यांचं मिश्रण उघड्यावर १०७ अंशांच्या आसपास उकळतं आणि झाकणाच्या दाबाखाली १२५ च्या पुढेमागे. तापलेल्या धातूला लागून वाफेचा पडदा तयार झाला की तिथली उष्णता पाण्यात जाणंच खुंटतं. मग नॉकिंग सुरू होतं, पिस्टन तडकतो. आणि काटा? तो वाहत्या पाण्याचं एका जागचं तापमान सांगतो. चौथ्या सिलिंडरच्या डोक्यावर काय चाललं आहे हे त्याच्या गावीही नसतं.

काट्यावर इतके शब्द खर्च करावे लागले, कारण बाकीचा सगळा पक्ष त्या एका काट्यावर टेकलेला आहे.

थर्मोस्टॅटचा मुद्दा एका वाक्यात संपतो. तो तापमानाची खालची मर्यादा सांभाळतो: ८८ अंशांच्या आसपास उघडायला लागतो, आणि धरणाचे दरवाजे सगळे उघडल्यावर पूर जसा कुणाच्या हाती राहत नाही, तसा पूर्ण उघडलेला थर्मोस्टॅट पुढे काही ठरवू शकत नाही.

कंपनीने वाव ठेवला होता हे खरं, पण तो ११६ हॉर्सपॉवर, चालू एसी आणि उन्हाळ्यातली वाहतूक कोंडी यांच्यासाठी होता.

मूळ रेडिएटरवर टर्बो चालवल्याचे दाखले द्यायचेच तर तेही नीट वाचायला हवेत. ब्रिटनमध्ये १९९० च्या सुमारास बीबीआर या ट्यूनिंग कंपनीने टर्बो बसवलेल्या एमएक्स-५ माझदाच्या विक्रेत्यांमार्फत विकल्या. ताकद १५० हॉर्सपॉवर. माझदाने स्वतः २००४ मध्ये टर्बोची गाडी काढली तेव्हा १.८ लिटरच्या इंजिनावर १७८ हॉर्सपॉवरशी थांबणं पसंत केलं. आज घरच्या गॅरेजमध्ये तीस वर्षांच्या १.६ लिटर इंजिनातून २०० काढणाऱ्याने या दोघांच्या आड लपू नये. शिवाय ब्रिटन थंड आहे. पाणी ९५ अंशांवर आणि बाहेरची हवा २० वर असेल तर रेडिएटरच्या हाती ७५ अंशांचा फरक असतो. हवा ४० वर गेली की तो ५५ उरतो. तोच रेडिएटर, तेवढाच वारा, आणि उष्णता बाहेर टाकण्याची कुवत पाव हिश्शाहून जास्त घटलेली. ॲरिझोनातल्या फिनिक्सचा उन्हाळा असा असतो, आणि विदर्भातल्या वाचकाला त्यातलं काही समजावून सांगायला नको.

आता चार-पाच सेकंदांचा मुद्दा. सपाट रस्त्यावर ताशी १०० किलोमीटर वेगाने जायला या हलक्या गाडीला १२ ते १५ किलोवॉट पुरतात, टर्बो असो वा नसो. तेवढ्यापुरतं प्रतिपक्षाचं बरोबर आहे. पण २०० हॉर्सपॉवर म्हणजे जवळपास १५० किलोवॉट, आणि इंजिन जेवढी ताकद देतं त्याच्या निम्म्याहून अधिक उष्णता सहज पाण्यात उतरते. लांब चढावर किंवा ट्रॅकवरच्या वीस मिनिटांत ती सेकंदांच्या हिशोबाने येत नाही. त्यात बूस्टमुळे दाबली गेलेली हवा ९० ते १०० अंशांपर्यंत तापते, आणि तिला थंड करणारा इंटरकूलर नेमका रेडिएटरच्या तोंडासमोर बसतो. तो वाऱ्याची वाट अडवतो आणि जो वारा सोडतो तो आधीच तापवून सोडतो.

या वादात एक जुनं भूत दर वेळी डोकं वर काढतं: पाणी रेडिएटरमधून वेगाने गेलं तर त्याला थंड व्हायला वेळच मिळत नाही. हा समज पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे आणि दर वेळी खोडावा लागतो. पाणी बंद चक्रात फिरतं. एका फेरीत ते कमी वेळ थांबलं तरी फेऱ्या वाढतात, आणि रेडिएटर वरपासून खालपर्यंत जास्त गरम राहिल्याने हवेला उष्णता जास्तच देतो. थर्मोस्टॅट काढून टाकलेल्या गाड्या कधी कधी जास्त तापल्या, कारण अडथळा गेल्याने ब्लॉकमधला दाब घटला आणि पाणी जागोजागी उकळलं. त्यावरून भलताच नियम बांधला गेला.

मग करायचं काय?

आधी मूळ रेडिएटरची वरची प्लॅस्टिकची टाकी पाहावी. नवी असताना ती काळी असते. वय झालं की तपकिरी-हिरवट पडते आणि मग एखाद्या दिवशी लांबीत तडकते. असा रंग दिसला तर टर्बोची चर्चाच बाजूला, रेडिएटर बदलावाच लागतो. बदलायचाच आहे तर दुप्पट जाडीचा, पूर्ण ॲल्युमिनियमचा घ्यावा. मात्र जाडीचा हव्यासही नको; फार जाड गाभ्याच्या मागच्या रांगांना पुढच्यांनी तापवलेलीच हवा मिळते. बंपरच्या तोंडापासून रेडिएटरपर्यंतच्या फटी फोमने बंद कराव्यात, खालचा ट्रे काढला असेल तर परत लावावा, कारण हवेला बाजूने जायची वाट मिळाली तर ती फिन्समधून जात नाही. पाण्याची वाट मागच्या टोकाकडे वळवणारं कामही याच वेळी करून घ्यावं, म्हणजे चौथ्या सिलिंडरला पाणी मिळतं.

आणि अंशांत आकडा दाखवणारा खरा गेज बसवावा. टर्बोच्या किटला हजारो डॉलर मोजणाऱ्याला रेडिएटरचे काहीशे डॉलर जड वाटत असतील, तर त्याने ते पैसे साठेपर्यंत बूस्ट खाली ठेवून गाडी चालवावी, आणि उन्हाळ्यात ट्रॅकवर उतरण्याआधी काम पूर्ण करून घ्यावं.