नाव सांगण्याची घाई

महाविद्यालयातील विद्यार्थी हल्ली परिसरातील फुलपाखरांची छायाचित्रे काढून त्यांच्या याद्या करू लागले आहेत, ही स्वागतार्ह गोष्ट होय. २००२ च्या जैवविविधता कायद्यामुळे गावोगाव ज्या लोक जैवविविधता नोंदवह्या झाल्या, त्यांनाही अशा निरीक्षणांचा आधार मिळू शकतो. म्हणूनच छायाचित्रावरून ठरविलेले नाव कितपत खरे, हे तपासावयास हवे.

रुईच्या झुडपाभोवती घोटाळणारे नारिंगी फुलपाखरू आपण सर्वांनीच पाहिलेले असते. हे 'प्लेन टायगर'. सुरवंट असताना रुईच्या पानांतून घेतलेले विष त्याच्या अंगी राहते आणि एकदा अनुभव घेतलेला पक्षी पुन्हा त्याच्या वाटेस जात नाही. 'डॅनाइड एगफ्लाय'ची मादी विषारी नसूनही हुबेहूब हाच वेश घेते. मागच्या पंखाच्या मध्यावर तीन-चार काळे ठिपके असल्यास पहिले, वरच्या कडेशी एकच ठिपका असल्यास दुसरे. बेट्स या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने १८६२ साली या सोंगाची मीमांसा केली. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ती अपरिचित वाटू नये. खोटे नाणे चालते ते बाजारात खरी नाणी पुष्कळ असतात तोवरच.

कढीलिंबावर अंडी घालणाऱ्या 'कॉमन मॉरमॉन'ची गोष्ट याहून गुंतागुंतीची. त्याची एक मादी नरासारखी, दुसरी 'कॉमन रोझ'सारखी, तर तिसरी 'क्रिमझन रोझ'सारखी दिसते. पंख पाहून फसगत ठरलेलीच. शरीर लाल असेल तर रोझ, काळे असेल तर मॉरमॉन. पण हौशी छायाचित्रकाराचे सारे लक्ष पंखांवर. शरीर पानाआड गेलेले असते!

उलट प्रकारही आहे. 'कॉमन इव्हनिंग ब्राऊन'च्या पंखांखाली पावसाळ्यात डोळ्यांसारखी वर्तुळे असतात; कोरड्या ऋतूत तेच फुलपाखरू वाळक्या पानासारखे दिसते. तारीख न लिहिलेल्या दोन चित्रांवरून एका जातीच्या दोन होण्यास कितीसा वेळ लागणार?

दोष विद्यार्थ्यांचा नव्हे. एका स्पर्धेत जितकी नावे तितके गुण, असा हिशेब प्रस्तुत लेखकाने पाहिला आहे. जेथे संख्येला मोल, तेथे संख्याच पिकणार. त्यात भ्रमणध्वनीतील यंत्रणा क्षणार्धात नाव सुचविते आणि ती सूचनाच निर्णय मानली जाते. पिवळ्या 'ग्रास यलो' जातींत पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूचे बारीक ठिपके मोजावे लागतात; मिटलेल्या पंखांच्या चित्रात ते पुष्कळदा झाकलेले असतात. तेथे तज्ज्ञही केवळ गटाचे नाव सांगून थांबतो. ही मुभा विद्यार्थ्याला का नसावी?

प्राध्यापकांनी प्रत्येक नोंदीबरोबर पंखांच्या दोन्ही बाजूंची चित्रे, स्थळ, तारीख आणि जवळची वनस्पती मागावी. 'जात निश्चित नाही' असा रकाना यादीत ठेवावा आणि तो प्रामाणिकपणे भरणाऱ्याचे गुण कापू नयेत.