हरल्यावर सगळेच शहाणे



फुटबॉल हा काही आपल्या नेहमीच्या गप्पांचा विषय नाही. पण युरोपातली मोठी स्पर्धा सुरू झाली की तिथले सामने आपल्याकडे रात्री साडेबाराला लागतात. मुलं जागतात, काही घरांत त्यांचे बाबाही जागतात. रात्री खाणंपिणं बंद असलेल्या घरातही वाद मात्र चालू असतो आणि सकाळी नाश्त्याच्या वेळी तो पुन्हा पेटतो. याला का खेळवलं? त्याला बाहेर का बसवलं? प्रशिक्षकाला काही कळतं का?

हा वाद मला वाईट वाटत नाही. संघावर जीव असल्याशिवाय कुणी इतकं बोलत नाही. पण वाद निर्णयावर व्हावा, माणसावर नको. आणि निर्णय घेताना जे माहीत होतं ते धरून व्हावा, नुसता निकाल बघून नको.

इंग्लंडचंच उदाहरण घ्या. 11 जुलै 2021 ला लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर युरो स्पर्धेचा अंतिम सामना होता, इंग्लंड विरुद्ध इटली. जादा वेळ खेळूनही 1-1 अशी बरोबरी राहिली. मग पेनल्टीवर निकाल लावायचा ठरला. म्हणजे प्रत्येक संघाच्या पाच खेळाडूंनी एकेक करून यायचं आणि समोर फक्त गोलरक्षक असताना चेंडू मारायचा. इंग्लंडचे प्रशिक्षक गॅरेथ साउथगेट यांनी अगदी शेवटच्या मिनिटाला मार्कस रॅशफर्ड आणि जेडन सांचो यांना मैदानात उतरवलं, खास पेनल्टीसाठी. पाचवी पेनल्टी दिली बुकायो साकाला. त्याचं वय तेव्हा 19. रॅशफर्डचा चेंडू खांबाला लागला, बाकी दोघांचे गोलरक्षकाने अडवले. इंग्लंड 3-2 असं हरलं.

आता यावर टीका करायला भरपूर जागा आहे. पाय गरम व्हायच्या आधीच दोघांना एवढ्या दडपणात का ढकललं? शेवटची पेनल्टी इतक्या लहान मुलाकडे का? हे प्रश्न रास्त आहेत आणि ते विचारायलाच हवेत. साउथगेट यांनीही पळवाट काढली नाही. सरावात कोण कसं मारतं हे बघून मी नावं ठरवली, जबाबदारी माझी, असं त्यांनी सांगितलं. 1996 च्या युरो स्पर्धेत वेम्ब्लीवरच जर्मनीविरुद्ध त्यांचीच पेनल्टी हुकली होती, त्यामुळे हे दुःख त्यांना नवं नव्हतं.

पण त्या रात्री अनेकांनी निर्णय सोडून दिला आणि तीन मुलांना धरलं. तिघेही कृष्णवर्णीय. त्यांच्या रंगावरून समाजमाध्यमांवर इतकं घाणेरडं लिहिलं गेलं की पुढे पोलिसांना अटका कराव्या लागल्या. मँचेस्टरमध्ये रॅशफर्डचं एक भित्तिचित्र आहे, तेही कुणीतरी विद्रूप केलं. हाच तो मुलगा, ज्याने 2020 मध्ये गरीब मुलांना सुट्टीतही शाळेचं जेवण मिळावं म्हणून सरकारला आपला निर्णय बदलायला लावला होता! एक चेंडू खांबाला लागला आणि हे सगळं पुसलं गेलं? नंतर शेजारपाजारच्या लोकांनी त्या भिंतीवर प्रेमाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या, एवढं तरी बरं.

तीन वर्षांनी, 2024 च्या युरो स्पर्धेत, पुन्हा साउथगेटच प्रशिक्षक. स्लोव्हेनियाशी 0-0 बरोबरी झाली तेव्हा काही चाहत्यांनी त्यांच्या दिशेने प्लास्टिकचे पेले फेकले. पुढे नेदरलँड्सविरुद्धच्या उपांत्य सामन्यात त्यांनी कर्णधार हॅरी केनलाच बाहेर बोलावलं आणि ऑली वॉटकिन्सला आत पाठवलं. वॉटकिन्सने अगदी शेवटी गोल केला आणि इंग्लंड जिंकलं. लगेच साउथगेट हुशार ठरले! समजा तो चेंडू वीतभर बाहेर गेला असता तर? निर्णय तोच, माणूस तोच, पण शिव्या पडल्या असत्या. म्हणून निकालावरून अक्कल मोजू नये असं मला वाटतं.

आणि साका? त्याच स्पर्धेत स्वित्झर्लंडविरुद्ध बरोबरीचा गोल त्यानेच केला. सामना पुन्हा पेनल्टीवर गेला, तो पुन्हा चेंडूसमोर उभा राहिला आणि या वेळी गोल झाला. 2021 मध्ये ज्यांनी त्याला कायमचं मोडीत काढलं होतं, त्यांचं काय म्हणायचं?

आपण अनेकांत मानतो. त्याचा अर्थ सगळेच बरोबर असा नाही, तर मला दिसते ती एक बाजू, असा आहे. प्रशिक्षकाला रोजचा सराव दिसतो, कुणाचा पाय दुखतोय ते कळतं. आपल्याला पडद्यावरचा सामना दिसतो. आपलं मत जरूर असावं, पण "मला दिसलं त्यावरून" हे शब्द जोडून असावं.

तुम्ही म्हणाल, कुठलं इंग्लंड आणि कुठलं आपलं घर! पण मुलं तिथे बोलायला शिकतात तेच घरात बोलतात, आणि आपणही काही कमी नाही. बारावीत मार्क कमी पडले की "अभ्यासाची आखणी चुकली" असं म्हणणारे किती आणि "हा वायाच गेला" म्हणणारे किती? सुनेने व्यवसाय सुरू केला आणि चालला नाही, की "मी तेव्हाच म्हटलं होतं" असं सांगणारे दहा जण निघतात. तेव्हा खरंच म्हटलं होतं का, हे कुणी विचारत नाही.

म्हणून एक साधा उपाय सुचवते. सामन्याआधी मुलांना त्यांचे अकरा खेळाडू कागदावर लिहायला सांगा, प्रत्येक नावापुढे कारणही. कागद फ्रिजवर लावा. दुसऱ्या दिवशी वाद घालायचा तर त्या कागदावरूनच. ज्याने आधी लिहिलं नाही, त्याने नंतर शहाणपण सांगायचं नाही. आणि खेळाडूच्या खेळाबद्दल काय हवं ते बोला, त्याच्या रंगाबद्दल, रूपाबद्दल, आईवडिलांबद्दल एक शब्दही नको. हा नियम बाबांनाही लागू, हे आधीच सांगून ठेवा.

तुमच्याकडे अशा वादात काय होतं, नक्की कळवा.