लिंबाखालचा कापडवाला आणि 'लेजिट' पान

आमचे आबा चौथीपर्यंत शिकले. पण आठवडे-बाजारात ते फसल्याचे मला आठवत नाही. तेथील कापडवाला दर मंगळवारी त्याच लिंबाखाली पथारी मांडतो. सदरा विटला तर पुढच्या मंगळवारी तो त्याच्या पुढ्यात नेऊन टाकता येतो. मी मात्र बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात असूनही गेल्या श्रावणात १,८०० रुपयांना फसलो.

इन्स्टाग्रामवरील एका पानावर सैलसर हूडी नि जॉर्डनच्या बुटांची मोहक छायाचित्रे होती. हजारो फॉलोअर्स, खाली 'भाऊ, माल मिळाला' अशा डझनावारी कमेंटी. यूपीआयने पैसे आगाऊ धाडले आणि दोनच दिवसांत त्यांनी मला ब्लॉक केले! आईच्या खुरपणीच्या रोजातले ते पैसे. (तिला अद्याप सांगितलेले नाही. हा अंक तिला वाचता येणार नाही, हे माझे नशीब म्हणावे की आणखी काही?)

वसतिगृहातले मित्र म्हणाले, "अरे, अमक्या पानावरून घे, ते लेजिट आहे." आमच्या पिढीचा हा लाडका शब्द! खोदून विचारले तेव्हा कळले, की माल घरपोच येतो एवढाच त्याचा अर्थ. परंतु माल येणे वेगळे आणि माल अस्सल असणे वेगळे. 'फर्स्ट कॉपी' म्हणून विकणारा शब्दाला जागत असेलही. तरी दुसऱ्याचे व्यापारचिन्ह खोटेपणाने लावलेला माल विकणे हा १९९९ च्या कायद्याने गुन्हाच आहे. त्याला सचोटीचा व्यापारी म्हणायला निदान मी तयार नाही. अस्सल परवडत नाही म्हणून नक्कल घ्यावी लागते, हा युक्तिवाद मीही केलेला आहे. पण मग बिनचिन्हाची साधी हूडी का चालत नाही, याचे उत्तर मला देता आले नाही.

मग पारख कशी करावी? फॉलोअर्स विकत मिळतात, कमेंटी लिहवून घेता येतात. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार अशा दुकानाने आपले कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार-निवारण अधिकाऱ्याचे नाव दाखविले पाहिजे. जीएसटी क्रमांक दिलेला असेल तर तो १५ अक्षर-अंकांचा असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो आणि तो कोणाच्या नावे आहे हे सरकारी संकेतस्थळावर फुकट पाहता येते. लहान विक्रेत्याकडे तो नसूही शकतो, आणि लबाड माणूस दुसऱ्याच्या बिलावरचा उचलू शकतो. म्हणून तेथील नाव आणि पैसे पाठविताना पडद्यावर दिसणारे नाव ताडून पाहावे. माझ्या वेळी दुकानाचे नाव एक होते आणि पडद्यावर दिसले भलत्याच व्यक्तीचे. ते मी वाचले होते. वाचूनही पिन दाबला!

१९३० या क्रमांकावर तत्काळ फोन केला तर पैसे वाटेतच गोठविता येण्याची शक्यता असते. मी लाजेपायी पाच दिवस दवडले.

लिंबाखालचा कापडवाला अजून बसतो. त्याच्याकडे हूडी मिळत नाही, हे खरे.