गाडी पायथ्याशीच राहू द्या

मी बँकेत तेहतीस वर्षं नोकरी केली, त्यातली अठरा कॅश काउंटरवर. रोकड जुळल्याशिवाय उठायचं नाही, ही सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. गेल्या डिसेंबरात आम्ही दोघं शनिवार-रविवार धरून महाबळेश्वरला गेलो, तेव्हा पैशांचा हिशेब ह्यांनी ठेवला आणि वेळेचा मी. परत आल्यावर रात्रीच दोन्ही मांडले. पैसे जुळले. वेळेचा आकडाही जुळला, पण तो बघून झोप लागेना.

शनिवारी सकाळी सहाला कोथरूडहून निघालो, रविवारी रात्री साडेनऊला परतलो. एकूण साडेएकोणचाळीस तास. त्यातले हॉटेलात, झोप धरून, तेरा. खाण्यात आणि खाण्यासाठी ताटकळण्यात साडेसहा. गाडीत सव्वातेरा. गाडी लावायला जागा शोधण्यात पावणेदोन. आणि स्वतःच्या पायांवर उभं राहून डोंगर, दरी, देऊळ बघण्यात पाच. म्हणजे डोंगराच्या वाट्याला आले त्याच्या तिप्पट तास गाडीच्या वाट्याला गेले. अशी खातेवही कुणी माझ्यासमोर आणली असती, तर मी साहेबांना बोलावलं असतं.

पुणे ते महाबळेश्वर अंतर साधारण 120 किलोमीटर. मोकळ्या रस्त्याने येऊन-जाऊन सात तास पुरावेत. बाकीचे कुठे गेले? खंबाटकी घाटात मालट्रकांच्या मागे गेले, सुरूर फाट्यावर वळायच्या रांगेत गेले. पसरणी घाटात तर वाई ते पाचगणी या बारा-तेरा किलोमीटरला दीड तास लागला. पुढच्या गाडीच्या क्लचप्लेटचा जळका वास आमच्या गाडीत, आमचा बहुधा मागच्या गाडीत. एका वळणावर एक आई लेकराला कठड्याशी धरून उभी होती आणि ते बिचारं ओकत होतं. खाली धोम धरणाचं पाणी उन्हात चकाकत होतं. "अहो, ते बघा," म्हटलं, तर हे म्हणाले, "तू बघ आणि मला सांग. मी पुढच्याचा बंपर बघतोय."

ह्यांचं गाडीवर प्रेम आहे. निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली, दर रविवारी स्वतःच्या हातांनी धुतलेली. त्यांची बाजूही सांगते. "आपली गाडी असली की मनात येईल तिथे थांबता येतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पण वेण्णा तलावाजवळ आम्ही पंचावन्न मिनिटं थांबलो, ते काही मनात आलं म्हणून नाही. मक्याची कणसं, घोडे, स्ट्रॉबेरीचे खोके आणि त्या सगळ्यावर हजारभर गाड्यांचा धूर. तिथली स्ट्रॉबेरी म्हणजे 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालेला मेवा. आम्ही ती खाल्ली खिडकीतून हात बाहेर काढून, पहिल्या गिअरमध्ये.

वर पोचलं की 'पॉइंट' सुरू होतात. पॉइंट बघायचे नसतात, 'करायचे' असतात. "एल्फिन्स्टन केला? केट्स झाला? लॉडविक राहिला का?" बँकेत आम्ही अशीच व्हाउचरं पास करायचो. गंमत अशी की हे गाव दोन दिवसांत उरकण्यासाठी वसलंच नव्हतं. सर जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर असताना, 1828 च्या सुमारास, साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांच्या मुलखात हे ठाणं उभं राहिलं. म्हणून त्याचं नाव माल्कमपेठ. लोक उन्हाळ्यात वर यायचे आणि पावसाळा तोंडावर येईपर्यंत राहायचे. आज ही कड्याची टोकं आपण वीस-वीस मिनिटांत निकालात काढतो, त्यातली दहा पार्किंगला.

स्वतःच्या पायांवरच्या त्या पाच तासांतले दीड तास भिलारचे. पाचगणी-महाबळेश्वर रस्त्याजवळचं हे गाव 2017 पासून 'पुस्तकांचं गाव' आहे. लोकांच्या घरांत, पडव्यांत पुस्तकं मांडलेली. कुणीही जावं, बसावं, वाचावं. एका घरातल्या मावशींनी न विचारता चहा आणून ठेवला. हे कॉलेजनंतर बहुधा पहिल्यांदाच सलग चाळीस पानं वाचत होते. गाडी सावलीत उभी होती आणि तिची आठवण कुणालाच नव्हती.

आणखी एक तास क्षेत्र महाबळेश्वरातल्या पंचगंगा मंदिरातला. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाचही नद्यांचं पाणी इथल्या गोमुखातून पडतं, ही श्रद्धा. भूगोलही फार लांब नाही. सावित्री पश्चिमेला उतरून बाणकोटला समुद्र गाठते. कृष्णा मात्र पाठ फिरवून थेट बंगालच्या उपसागराकडे निघते आणि वाटेत वेण्णेला माहुलीत, कोयनेला कऱ्हाडात पोटाशी घेते. त्या गार धारेखाली ओंजळ धरून उभी राहिले आणि वाटलं, साताऱ्यापासून पार आंध्रापर्यंत माणसं जे पाणी पितात, त्याच्या माथ्यावर आपण गाड्यांचा तळ मांडलाय. हा माथा जांभ्या दगडाचा आहे. जांभा सच्छिद्र असतो. पाऊस पोटात मुरवतो आणि झऱ्यांतून हळूहळू सोडतो. त्यावर डांबर आणि काँक्रीट अंथरलं की मुरणारं पाणी उताराला लागतं. महाबळेश्वर-पाचगणी परिसर 2001 साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर झाला, तो उगाच नव्हे.

तर माझं म्हणणं सरळ आहे. शनिवार-रविवारी आणि सलग सुट्ट्यांत पर्यटकांच्या खासगी गाड्या डोंगराच्या पायथ्याशीच थांबवाव्यात. पुण्याकडून येणाऱ्या सुरूर फाट्याच्या बाजूला, साताऱ्याकडच्या मेढ्याला, कोकणातून येणाऱ्या पोलादपूरला. वाईच्या नदीघाटावर तळ नको, तिथली शांतता मोडायचा हक्क आपल्याला नाही. या तिन्ही ठिकाणांहून दर दहा-पंधरा मिनिटांनी एसटी आणि स्थानिक टॅक्सी वर सोडाव्यात, आणि वर फिरायलाही तीच सोय असावी. गावकरी, शेतमाल, रुग्णवाहिका, अपंग आणि ज्यांना खरोखर चालवत नाही असे वृद्ध यांना सूट. पहिल्या वर्षी फक्त डिसेंबर आणि मे महिन्यांतल्या शनिवार-रविवारी करून बघा.

हे स्वप्नरंजन नाही. माथेरानला आजही पर्यटकांच्या गाड्या दस्तुरी नाक्यापलीकडे जात नाहीत. पुढे चालायचं, घोडा करायचा किंवा 1907 सालापासूनच्या नेरळच्या छोट्या रुळांवरून वर यायचं. कास पठारावर फुलांच्या दिवसांत ऑनलाइन नोंदणी असते, माणसांच्या संख्येला मर्यादा असते आणि गाड्या पठारापासून दूर लावाव्या लागतात. तमिळनाडूत मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने मे 2024 पासून उटी आणि कोडाईकनालला ई-पासशिवाय गाडी नेता येत नाही. पुढच्या वर्षी संख्याही ठरली: निलगिरीत एरवी दिवसाला 6,000 गाड्या, शनिवार-रविवारी 8,000. उटीला जमतं ते आपल्याला का जमू नये?

आक्षेप मला पाठ आहेत, कारण ते घरातच ऐकलेत. पहिला, "स्थानिकांच्या पोटावर पाय येईल." वरच्या टॅक्सीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "ताई, तुम्ही सगळे स्वतःच्या गाड्या आणता, आम्ही स्टँडवर पत्ते खेळतो." गर्दीच्या दिवशी हॉटेलं भरतात हे खरं, पण अडकलेला माणूस खरेदी करत नाही, वैतागतो. पायी चालणारा माणूस दुकानाशी थबकतो. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: गाड्या बंद केल्या की ओझं माणसाच्या खांद्यावर येतं. माथेरानमध्ये तेच झालं. तिथे माणसं माणसांना हातरिक्षांतून ओढत राहिली आणि ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ही प्रथा सहा महिन्यांत बंद करा म्हणून सांगावं लागलं. म्हणून गाड्या अडवण्याआधी बस हवी, नंतर नव्हे. बस वेळेवर आली नाही, तर ही योजना पहिल्याच शनिवारी बुडेल आणि ती बुडावीच. तिसरा आक्षेप सामानाचा. दोन दिवसांसाठी दोन माणसांचं सामान किती असतं? आमच्या डिकीत चार पिशव्या होत्या. त्यातल्या दोन उघडल्याच नाहीत.

आणि चौथा, जो कुणी बोलून दाखवत नाही: मोकळेपणा. दोघांनीच निघायचं, आवडीची गाणी लावायची, कुणाची लुडबुड नको. हा मोकळेपणा मलाही हवाय. मुलं मोठी होऊन बाहेर गेल्यावर दोघांना एकमेकांशी बोलायला निमित्त लागतं, आणि सहल हे चांगलं निमित्त. पण सव्वातेरा तासांत आम्ही काय बोललो, तेही मला आठवतंय. "डावीकडून घ्या." "अगं, दिसतंय मला." "मागून आलाय." "ब्रेक!" भिलारच्या पडवीत मात्र ह्यांनी एक पान मला मोठ्याने वाचून दाखवलं.

रविवारी रात्री हिशेब ह्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा बेरीज केली. चूक सापडली नाही. मग डावा गुडघा चोळत म्हणाले, "बरं. पुढच्या वेळी एसटीने." मी लगेच तिकिटाचा अंदाज काढला. एसटीत बायकांना 2023 पासून अर्धं तिकीट आहे. पुरुषांना सवलत पासष्टनंतर, आणि ह्यांना पासष्ट व्हायला अजून दोन वर्षं आहेत. माझ्या दुप्पट पैसे मोजून माझ्याच शेजारी बसायचं, हे त्यांना पटायला थोडा वेळ लागेल. खिडकी मी त्यांना देणार आहे. पसरणी घाटातून धोमचं पाणी त्यांनी अजून पाहिलेलं नाही.