महाविद्यालय मंजूर, पशुवैद्य कधी?

शनिशिंगणापूरच्या घरांना दारे नाहीत. चोराचे भय नाही, अशी तेथील श्रद्धा. गोठ्यात शिरणाऱ्या रोगाला मात्र श्रद्धा अडवू शकत नाही, हे २०२२ मधील लम्पी चर्मरोगाच्या साथीने नगर जिल्ह्यातील पशुपालकांना दाखवून दिले. या पार्श्वभूमीवर राहाता तालुक्यातील सावळीविहीर येथे शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालयास राज्य मंत्रिमंडळाने दिलेली मान्यता स्वागतार्हच म्हणावी लागेल. १८८६ मध्ये मुंबईत सुरू झालेले हे शिक्षण नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळपर्यंत पोचले. दुधाच्या या जिल्ह्याला मात्र प्रतीक्षा करावी लागली.

तथापि, मंजुरी म्हणजे पशुवैद्य नव्हे. पदवी अभ्यासक्रम आंतरवासितेसह साडेपाच वर्षांचा आहे. म्हणजे पहिली तुकडी गोठ्यापर्यंत पोचण्यास तेवढा अवधी लागणारच. शिवाय अध्यापक, चिकित्सालय आणि पशुधन प्रक्षेत्र यांवाचून भारतीय पशुवैद्यक परिषदेची मान्यता मिळणे कठीण.

राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ मध्येच पाच हजार पशुघटकांमागे एक पशुवैद्य असावा, असे सुचविले होते. ते साधायचे, तर पदवीधरांना खेड्यात रोखून धरणारी नियमित पदभरतीही हवी. कोनशिलेपेक्षा ती निकडीची आहे. कारण गाय बसली, की शेतकऱ्याचा दुधाचा पगारही थांबतो.