शाळेनंतरची चित्रशाळा

डिसेंबर २०२५ मध्ये ब्रिटनमधील टर्नर पारितोषिक नेना कालू यांना मिळाले. दृश्यकलेच्या क्षेत्रात त्या देशात एवढा गाजणारा दुसरा सन्मान नाही. कालू स्वमग्न आहेत, त्यांना बौद्धिक अक्षमता आहे आणि त्या फार थोडे बोलतात. अशा कलावंताला हे पारितोषिक मिळण्याची ही पहिलीच वेळ. कापड, दोरी, चिकटपट्टी, जुन्या व्हिडिओ कॅसेटमधील टेप असे काहीबाही एकावर एक गुंडाळत त्या मोठमोठी शिल्पे घडवतात. कागदावर भोवऱ्यासारखी गरगरणारी चित्रे काढतात. बातमी आली तेव्हा आम्हां चित्रकला विभागातील शिक्षकांत आणि काही पालकांत बरीच चर्चा झाली. पारितोषिकापेक्षा आमचे लक्ष दुसऱ्याच एका गोष्टीकडे गेले. लंडनच्या ‘अॅक्शनस्पेस’ या संस्थेच्या चित्रशाळेत कालू १९९९ पासून काम करीत आहेत. म्हणजे पारितोषिकामागे सव्वीस वर्षांची जागा, साहित्य आणि सोबत उभी होती.

आपल्याकडे हे सारे दहावीला संपते. अध्ययन अक्षम मुलांना परीक्षेत जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो, शिक्षकही सांभाळून घेतात. मग निरोप समारंभ होतो आणि शाळेचे दार बंद होते. आपले काही माजी विद्यार्थी आज विशी-पंचविशीचे आहेत. ते घरी दूरदर्शनसमोर बसून असतात आणि आईवडिलांचे वय होत चालले आहे. रावपुऱ्यात किंवा दांडियाबाजारात त्यांच्यापैकी कुणी भेटला की अजूनही “चित्रकलेचा तास कधी?” असे विचारतो. आम्हांला याचे उत्तर देता येत नाही.

म्हणून आमचा प्रस्ताव असा, की शाळेच्या वास्तूत अशा प्रौढ कलावंतांसाठी एक कायमची चित्रशाळा असावी, आणि ती इतरांनाही खुली असावी.

अशी चित्रशाळा कशी चालते याचे सर्वांत जुने आणि चांगले उदाहरण अमेरिकेतील आहे. १९७४ साली कॅलिफोर्नियात फ्लॉरेन्स लुडिन्स-कॅट्झ आणि एलियास कॅट्झ या दांपत्याने आपल्या घराच्या गॅरेजमध्ये ‘क्रिएटिव्ह ग्रोथ’ सुरू केले. बाई चित्रकार, पती मानसशास्त्रज्ञ. त्या काळात तेथील मोठमोठी आश्रयगृहे रिकामी होत होती आणि आयुष्यभर कोंडलेली माणसे बाहेर येत होती. त्यांनी दिवसभर करायचे काय, हा प्रश्न होता. आज ऑकलंड शहरातील या संस्थेत शंभराहून अधिक कलावंत काम करतात. शेजारीच त्यांच्या चित्रांचे दालन आहे.

तेथील ज्युडिथ स्कॉट यांची हकिकत पालकांनी मुद्दाम वाचावी. जन्म १९४३ चा, डाउन सिंड्रोम. त्यांना ऐकूही येत नव्हते, पण हे कित्येक वर्षे कुणाच्या ध्यानातच आले नाही आणि ‘शिकण्यास अपात्र’ असा शिक्का बसला. सातव्या वर्षी आश्रयगृहात गेल्या त्या पस्तीस वर्षे तेथेच राहिल्या. शेवटी जुळ्या बहिणीने त्यांना आपल्याकडे आणले आणि १९८७ मध्ये ‘क्रिएटिव्ह ग्रोथ’मध्ये घातले. पहिली जवळजवळ दोन वर्षे त्यांनी कशातच रस घेतला नाही. आपल्याकडे एखाद्या वर्गात दोन महिन्यांतच “हिला काही येत नाही” असे सांगून घरी पाठवले असते. पुढे धागाकामाच्या एका कार्यशाळेत त्यांनी काड्यांभोवती सूत गुंडाळायला घेतले आणि २००५ मध्ये मृत्यू होईपर्यंत त्या गुंडाळतच राहिल्या. ती शिल्पे आता न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहेत.

पहिल्या दोन रिकाम्या वर्षांत तिथले टेबल त्यांच्यासाठी राखलेले होते. आम्हांला हवे आहे ते एवढेच.

आता काही शंका. दिवाळीच्या आधी अशा मुलांकडून पणत्या आणि पाकिटे रंगवून घेतात, ते चांगलेच आहे, मग आणखी कशाला, असे एका पालकांनी विचारले. पणत्यांना आमचा विरोध नाही. चार पैसेही मिळतात. पण बहुतेक ठिकाणी नक्षी मोठ्यांनी ठरवलेली असते, मदतनीस हात धरून ठिपके देववतो आणि ग्राहक दयेपोटी घेतो. त्यात त्या मुलाचे स्वतःचे असे काय असते? चित्रशाळेत कलावंत स्वतः साहित्य निवडतो. त्याला कागदाऐवजी पुठ्ठा हवा असेल, वर्षभर एकच निळा रंग लावायचा असेल, तर लावू द्यावा. म्हणून तेथे शिकवणारा नको, तर स्वतः काम करणारा चित्रकार सोबतीला हवा. विशेष शिक्षकांचा सल्ला जरूर घ्यावा, पण चित्रशाळेचा दवाखाना होऊ देऊ नये.

उलट बाजूचीही एक चूक होते. ‘तारे जमीन पर’ (२००७) या चित्रपटामुळे डिस्लेक्सिया हा शब्द घराघरांत पोहोचला हे खरे, पण त्यातला ईशान शेवटी स्पर्धा जिंकतो. तेव्हापासून प्रत्येक वेगळ्या मुलात दडलेला प्रतिभावंत शोधण्याची हौस वाढली आहे. सगळेच तसे नसतात. सामान्य चित्र काढणाऱ्यालाही रोज काम करायला जागा असावी. आपण साधारण गळ्याच्या माणसाला भजनी मंडळातून काढतो का?

बडोदेकरांना तर हे जड वाटू नये. ज्यांच्यामुळे आपल्या फाइन आर्ट्सचे नाव झाले त्यांत के. जी. सुब्रमण्यन होते, आणि त्यांचे गुरू शांतिनिकेतनचे बिनोदबिहारी मुखर्जी. १९५७ मध्ये बिनोदबाबूंची दृष्टी पूर्ण गेली, तरी १९७२ मध्ये त्यांनी कलाभवनाच्या भिंतीवर फरशांचे मोठे भित्तिचित्र केले. डोळे नसलेल्याला चित्रकार म्हणताना आपण अडखळत नाही. मग न बोलणाऱ्याला म्हणताना का अडखळावे?

व्यवहाराचे म्हणाल तर चौथी-पाचवीच्या तुकड्या कमी झाल्यापासून तळमजल्यावरच्या दोन खोल्या दुपारी बंदच असतात. चित्रकलेचा सध्याचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे, तो या कामाचा नाही. आठ जणांपासून, आठवड्यातून तीन दुपारी सुरुवात करता येईल. प्रत्येकाचे टेबल ठरलेले असावे, ते कुणी हलवू नये. घूं घूं आवाज करणाऱ्या ट्यूबलाइट काढाव्या लागतील. काहींना तो आवाज अक्षरशः सहन होत नाही. टर्पेंटाइनचा वासही नको, पाण्यात मिसळणारे रंग पुरेत. दुसरी खोली गोंगाट असह्य झालेल्यांसाठी मोकळी ठेवावी. आपले आठवी-नववीचे विद्यार्थी आणि फाइन आर्ट्सचे विद्यार्थी तेथे येऊन शेजारी बसून स्वतःचे काम करू शकतील, मात्र मदतनीस म्हणून नव्हे.

चित्र विकले गेले तर पैसा कलावंताच्या नावे जमा व्हावा आणि त्याची वही असावी. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. स्वमग्नता किंवा बौद्धिक अक्षमता असेल आणि गरज असेल, तर राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो. पुष्कळ घरांना हे ठाऊक नसते. तसेच दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २९ मध्ये दिव्यांग कलावंतांना सुविधा आणि आर्थिक साहाय्य देण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. त्या आधारे अनुदान मागता येईल, पण अनुदान येईपर्यंत थांबू नये.

खर्चाचा मोठा भाग म्हणजे सोबतीच्या चित्रकाराचे मानधन. ते संस्थेने निदान तीन वर्षे द्यावे. एका वर्षाच्या प्रयोगाला आमचा स्पष्ट नकार आहे. ज्युडिथबाई पहिल्या वर्षात काहीच करीत नव्हत्या हे विश्वस्तांनी ध्यानात घ्यावे.

हा प्रस्ताव विश्वस्त मंडळाच्या पुढील बैठकीत मांडला जाईल. ज्या पालकांना आपल्या मुला-मुलीचे नाव द्यायचे आहे त्यांनी कार्यालयात द्यावे, वयाची अट नाही. जुन्या सुती साड्या, लोकरीचे गुंडे, शिंप्याकडच्या चिंध्या आणि कुणाच्या माळ्यावर पडून असलेल्या व्हिडिओ कॅसेटही आम्हांला हव्या आहेत. साड्या कृपया धुऊन द्याव्यात.